रांग मोजायची तर पहाटे

आम्ही घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतल्या, बचत गटाच्या बायका बोलतोय. आज विषय आहे आकडे गोळा करण्याचा. हिशेबाचं नाव काढलं की आपल्यातल्या बऱ्याचजणी 'माझं शिक्षण कमी' म्हणून मागे सरकतात. बाजाराचा हिशेब मात्र तोंडी करतात!

आमच्याकडे सार्वजनिक संडासाला पहाटेपासून बायकांची रांग लागते. तक्रार केली तेव्हा पाहणीला एक माणूस आला, तो सकाळी अकराला. रांगेत दोनच बायका. त्याने 'गर्दी नाही' असं लिहून नेलं. तो खोटं बोलला नाही हो, त्याने बरोबर मोजलं. पण कामाला जाणाऱ्या बायका तेव्हा कामावर होत्या.

मग आम्हीच वही घातली. पहाटे पाच ते नऊ, दर अर्ध्या तासाला रांगेतली माणसं मोजायची. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, म्हणजे लिहिता न येणारीलाही जमतं. पहिल्याच दिवशी घोळ झाला. एकीने आईचा हात धरून उभी असलेली पोरं मोजली, दुसरीने नाही. दोघींचे आकडे जुळेनात. ते पान आम्ही रद्द केलं, आणि जिला आत स्वतंत्र जायचंय तिलाच मोजायचं, असं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. मोजण्याआधी काय मोजायचं हे ठरवावं लागतं, ते आम्ही असं शिकलो. पूर्ण आठवडा मोजलं, रविवारसकट, कारण रविवारची रांग वेगळीच असते. वही दाखवल्यावर दुसरी पाहणी झाली, ती पहाटे.

मुंबईत हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं आहे. चेंबूरच्या 'कोरो' संस्थेसोबत बायकांनी 2011 पासून 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. कार्यकर्त्यांनी ठिकठिकाणच्या मुताऱ्या आणि संडास पाहून नोंदी केल्या. पुरुषांना लघवीला पैसे पडत नाहीत आणि बायकांकडून घेतात, हे सगळ्यांनी रोज पाहिलेलं होतं. पण नोंदी पुढे ठेवल्यावर ते कुणाला नाकारता येईना.

आता सरासरी. समजा पाचजणी थांबल्या: दोघी पाच-पाच मिनिटं, दोघी दहा-दहा, आणि एक म्हातारी आजी साठ मिनिटं, कारण तिला सगळे मागे ढकलतात. बेरीज नव्वद, भागिले पाच, सरासरी अठरा. अठरा मिनिटं तर कुणीच थांबलं नाही! ओळीने मांडून मधला आकडा घेतला तर दहा येतो, तो बहुतेकींच्या जवळचा आहे. पण आजी दोन्हीत हरवते. म्हणून आम्ही सरासरीसोबत सगळ्यात जास्त कोण थांबलं तेही लिहितो. तुमच्या गावात 'प्रत्येक घराला सरासरी इतकं पाणी' असं कुणी सांगितलं, तर टाकीपासून शेवटच्या घराचं विचारा.

सगळ्यांनाच मोजता येत नाही, तेव्हा थोड्यांना विचारतात. शितावरून भाताची परीक्षा, आपण रोज करतो. मात्र शीत वरचंच घेतलं तर तळाला लागलेलं कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं काम आमच्या शेजारी देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतं. 2019 ते 21 च्या फेरीत देशातल्या कोट्यवधी घरांपैकी सुमारे 6 लाख 37 हजार घरांत जाऊन माहिती घेतली. घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडतात, रस्त्याकडेची सोयीची नव्हे. त्यात शंभरातल्या 57 बायकांना रक्त कमी निघालं. हा आकडा 15 ते 49 वयाच्या बायकांचा आहे. आपल्या सासवा त्यात नाहीत, एवढं लक्षात ठेवून तो वाचायचा.

आणखी एक आकडा, आमच्या-तुमच्या नात्याचा. 2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 860 बायका होत्या. रत्नागिरीत 1122. आमच्यातल्या एकीने ऐकून विचारलं, 'म्हणजे कोकणात मुली जास्त जन्मतात काय?' तसं नाही. रत्नागिरीचे बापे कामाला मुंबईत आलेत, ते इथे मोजले गेले. घरी बायका राहिल्या, त्या तिथे. बाकीच्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतूनही पुरुष उपनगरात येतात. दोन्ही आकडे खरे, आणि दोन्हींच्या मागे तीच एसटी आणि तीच रेल्वे.

सहा वर्षांपर्यंतच्या पोरांचं मात्र वेगळं. ती काही नोकरीसाठी एकटी मुंबईला येत नाहीत. राज्यात 2001 साली त्या वयातल्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या, 2011 साली 894. इथे एसटीचं कारण चालत नाही. तुमच्या गावचा आकडा अंगणवाडीच्या वहीत सापडेल. सेविकाताईंना विचारून मुली किती, मुलगे किती ते लिहून घ्या, आणि मागच्या वर्षांच्या वह्या असतील तर त्याही मागा.