पार्लरवालीला सुट्टी कोण देणार?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आज मी ब्युटी पार्लरविषयी बोलणार म्हटल्यावर दोघीतिघींच्या भुवया वर गेल्या. विषयाला धरूनच झालं म्हणायचं.

१९९६ साली बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली, तेव्हा देशभरातल्या स्त्री-संघटनांनी तिला विरोध केला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. सौंदर्याच्या बाजाराबद्दलचा तो राग मला आजही पटतो. पण त्या रागात एक बाई आपल्या नजरेतून निसटली. घरकामगार बाई, विडी वळणारी बाई यांना आपण कामगार म्हणायला शिकलो. पार्लरवालीला म्हटलं नाही. ती जणू त्या बाजाराचीच माणूस.

दहिसर चेकनाका ओलांडला की मीरा-भाईंदर महापालिकेची हद्द लागते. तिथे पेणकरपाड्यात मी बचत गटांचं काम करते. चाळीतल्या खोलीत मध्ये पडदा लावायचा, पुढे पार्लर, मागे संसार. अशी पार्लरं चालवणाऱ्या आठ-दहाजणी महिन्यातून एकदा आमच्याकडे बसतात. काहीजणी आयटीआयमधून शिकून आलेल्या, बाकीच्या कुणाच्या तरी हाताखाली.

त्यातल्या एकीचं सांगते. नाव सांगत नाही. मुलाचा डबा भरला की पडदा उघडायचा. आयब्रो करताना दोऱ्याचं टोक दातात, मान खाली, बोटांना दोऱ्याचे काप. फेशियलला तासभर उभं राहायचं. तुळशीचं लग्न झालं की नवऱ्या मुलींची कामं, म्हणजे पहाटे चारला उठणं. रात्री अकराला फोनवर मेसेज येतो, ‘सकाळी सातला येऊ का?’ नाही म्हणावं तर गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं. मागच्या पावसाळ्यात ती म्हणाली, “ताई, पूर्वी बेल वाजली की बरं वाटायचं. आता पोटात गोळा येतो. चेहरा हातात असतो, पण तो कोणाचा हे बघावंसंच वाटत नाही.”

याला बर्नआउट म्हणतात. मराठीत नेमका शब्द मला सापडलेला नाही. पाड्यातल्या बायका ‘जीव विटला’ म्हणतात, तो बराच जवळ जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याच्या तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. हा आजार नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था आहे, असंही स्पष्ट केलं. म्हणजे खोट कामाच्या मांडणीत शोधायची, बाईच्या स्वभावात नाही. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, “मग मालकाला सांगायला हवं. पण मालकीणही मीच ना!”

इथेच सगळं अडतं. ‘विश्रांती घ्या, स्वतःसाठी वेळ काढा’ हा सल्ला तिला मीही दिला होता. ज्या दिवशी पडदा बंद, त्या दिवशी कमाई शून्य. आजारपणाची पगारी रजा तिला कोणताच कायदा देत नाही. २०२०च्या टाळेबंदीत मार्चपासून पार्लरं बंद होती. जूनअखेर राज्य सरकारने परवानगी दिली ती केस आणि वॅक्सिंग-थ्रेडिंगपुरती, त्वचेची कामं बंदच. तेव्हा काढलेलं कर्ज फेडता फेडता तिची रविवारची सुट्टी गेली, ती परत आलीच नाही.

आता आपल्या चुकीविषयी. पार्लरच्या खुर्चीत मान मागे टाकली की बाई बोलते. नवऱ्याचा मार, सासूचं घालूनपाडून बोलणं, पाडलेला गर्भ. हातातलं काम न थांबवता ऐकायचं, चेहरा हसरा ठेवायचा. आर्ली हॉकशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईने १९८३ साली विमानातल्या परिचारिकांबद्दल लिहिताना याला भावनिक श्रम म्हटलं. हे श्रम चाळीस रुपयांच्या आयब्रोत फुकट जातात. आम्ही काय केलं? या बायका सगळं ऐकतात, तेव्हा मारहाणीची केस कळली की आम्हाला कळवा, असं सांगितलं. केसेस आल्या, अहवालात आम्ही ते अभिमानाने लिहिलंही. ऐकणारीचं काय होतं, हे वर्षभर कोणी विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, “ताई, रात्री त्या बायकाच डोळ्यांपुढे येतात.” मी एमएसडब्ल्यू केलेली. माझ्यावर ताण आला तर बोलायला संस्थेत वरिष्ठ आहेत. तिला कोण होतं? आता आम्ही १८१ हेल्पलाइनचा आणि आमचा नंबर आरशाशेजारी चिकटवला आहे. गिऱ्हाइकाला तो दाखवायचा, निरोप्या व्हायचं नाही.

बाकीचं बायकांनीच ठरवलं. सगळ्यांचे दर एकसारखे, कागदावर लिहून भिंतीला लावलेले. मंगळवारी सगळ्या बंद, म्हणजे गिऱ्हाईक पळायचा प्रश्न नाही. रात्री आठनंतर मेसेजला उत्तर नाही. कोणी आजारी पडली तर दुसरीने तिचं गिऱ्हाईक करायचं आणि परत तिच्याकडेच पाठवायचं. सगळं सुरळीत झालं असं समजू नका. लग्नसराईत एकीने मंगळवारी गुपचूप नवरीचं काम घेतलं, दोन महिने अबोला होता. दर वाढल्यावर काही गिऱ्हाइकं तुटलीच.

ॲपवरून घरोघरी जाणाऱ्या दोघी मंगळवार पाळू शकत नाहीत. काम नाकारलं तर पुढची कामं कमी होण्याची धास्ती. २०२१च्या ऑक्टोबरमध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या ब्युटिशियन बायका कमिशन आणि कामाच्या अटींविरुद्ध कार्यालयासमोर जमल्या, ते आठवत असेल. सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवरच्या कामगारांचा उल्लेख तरी आला. स्वतःचा पडदा लावून बसलेलीसाठी ई-श्रमची नोंदणी आहे. आठजणींची आम्ही करून घेतली. पण त्या कार्डाने मंगळवार मिळत नाही, तो एकमेकींकडूनच मिळवावा लागतो.

एक आपल्यासाठी. बर्नआउट हा शब्द १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने या अर्थाने वापरला, तो मोफत दवाखान्यांत झटणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल. इथे बसलेल्यांपैकी किती जणींनी काल रात्री अकरानंतर फोन उचलला, ते हात वर करून सांगायला नको.

पितृपक्षात पाड्यात गिऱ्हाईक कमी असतं. यंदा त्या पंधरवड्यात ती आठ दिवस कोकणात माहेरी जाणार आहे, सात वर्षांनी. नेहमीची गिऱ्हाइकं शेजारच्या दोघी सांभाळतील. पैशाची वाटणी कशी करायची, यावर येत्या मंगळवारी बसायचं आहे.