मोजणी कार्यालय आणि ग्रामीण अर्थकारण

जमीन हे ग्रामीण भारताचे सर्वांत मोठे भांडवल. परंतु हद्द अनिश्चित असेल, तर ते भांडवल गोठून राहते. म्हणूनच तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाचा विचार अर्थशास्त्रानेही करावयास हवा.

महाराष्ट्रात सातबारा ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या परिचयाच्या तलाठ्याकडे, नकाशा मोजणी कार्यालयात आणि खरेदीखताची नोंद दुय्यम निबंधकाकडे असते. भावांत वाटणी झाली की फेरफाराने सातबाऱ्यावर नावे चढतात. नकाशावर मात्र पोटहिस्सा अनेकदा पडतच नाही. कागदावर २० गुंठे असतात, पण ते शेताच्या कोणत्या बाजूस, हे सांगता येत नाही. मग बांध कोरला जातो, नाती तुटतात आणि दाव्याचा खर्च कित्येकदा वादातील पट्टीच्या किमतीहून अधिक होतो.

इंदापूर भागात १८३५ नंतर विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी उभी केलेली मोजणीची पद्धत शेतसारा ठरविण्यासाठी होती. आज शेतकऱ्याला हवी आहे ती हक्काची खात्री. २००८ मध्ये केंद्राने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २०२० मध्ये गावठाणासाठी स्वामित्व योजना आली. परंतु ड्रोनला बांध दिसतो, भावांमधील समजूत दिसत नाही. लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, सर्वांसमक्ष हद्दीच्या खुणा दाखविणारा भूकरमापकच ती समजूत नकाशावर आणतो.

तेव्हा वाटणी, मोजणी आणि फेरफार ही एकच साखळी व्हावी. मोजणीवरील खर्च हा प्रशासनाचा भार नव्हे. ती शांततेतील गुंतवणूक आहे.