पोर अडखळते तेव्हा

मागच्या रोवणीत आमच्या गटातल्या एकीचा साडेतीन वर्षांचा मुलगा बांधावर यायचा. "मा-मा-मा-माय, पाणी दे," म्हणायचा. आम्ही हसायचो. कुणी म्हणायची, "बाबू, नीट बोल न, आधी श्वास घे." दोन महिन्यांत तो चारचौघांत बोलायचाच बंद झाला. नुसतं बोट दाखवायचा. आणि आम्हाला वाटत होतं, आपण त्याला शिकवतोय!

आजीनं मधात वेखंड उगाळून चाटवलं. कुणी तोंडात खडा धरायला सांगितलं. खडा घशात अडकला असता तर? तोतरेपणाचं मूळ जिभेत नसतं. मेंदू बोलणं कसं जुळवतो, त्यात ते असतं, आणि पुष्कळदा घराण्यातून येतं. नजर लागून होत नाही, आईच्या चुकीनं होत नाही. घरी गोंडी किंवा तेलुगू आणि अंगणवाडीत मराठी, म्हणूनही होत नाही. घरची भाषा बंद करू नका.

दोन ते पाच वर्षांच्या वयात शंभरातली पाचेक मुलं अशी अडखळू लागतात. बहुतेकांचं आपोआप थांबतं, मुलींचं जास्त. पण कुणाचं थांबेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सहा महिने उलटले, घरात आणखी कुणी तोतरं असलं, किंवा शब्द काढताना लेकरू डोळे मिटतं, पाय आपटतं, तर 'मोठं झालं की सुटेल' म्हणत बसू नका. शाळेत जायच्या आधी उपचार सोपा जातो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. त्यांना मुलाचं बोलणं ऐकवा आणि वाचा-उपचार तज्ज्ञाकडे पाठवायला सांगा. चंद्रपूरला जायचं तर तज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात ते आधी विचारा. एक फेरी म्हणजे एक रोजी बुडते.

या वयात उपचार मुख्यतः आईच्या हातून होतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात निघालेली लिडकॉम्ब नावाची पद्धत आहे. तज्ज्ञ आईला शिकवतात. आई रोज थोडा वेळ मुलाशी खेळते, आणि तो न अडखळता बोलला की म्हणते, "वा, किती सरळ बोललास!" अडखळला ते क्वचितच आणि हळुवार दाखवायचं, तेही तज्ज्ञांनी सांगितल्यावरच.

तोवर घरी आपणच सावकाश बोलायचं. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. चुलीवर भाजी असली तरी घटकाभर त्याच्या तोंडाकडे पाहायचं. आम्हाला हेच सगळ्यात जड गेलं.

त्या मुलाची आई चंद्रपूरला जाऊन आली, अजून जाते. यंदा मोहफुलं वेचताना तो म्हणाला, "आजी, टो-टोपली भरली."

आजीनं हातातली फुलं खाली ठेवली. "हो का रे? कुठं वेचली एवढी?"

मग तो बराच वेळ सांगत होता.