आधी पिस्टन, मग बोअर

आमच्याकडे वडिलांची जुनी फियाट अकराशे आहे. इंजिन १०८९ सी.सी.चं, मूळ बोअर ६८ मिलिमीटर. गाडी तेल जाळू लागली, तेव्हा जवळच्याच वर्कशॉपात सिलिंडर बोअर करून घेतले. पिस्टन मागाहून आणले; ते ढिले बसले! प्राध्यापकाच्या पगारात असे प्रयोग परवडत नाहीत.

मग एका वृद्ध मिस्त्रींना गाठलं. ते म्हणाले, "मास्तर, अंगाचं माप घेतल्याबिगर शिंपी सदरा बेततो का? आधी पुढच्या मापाचे पिस्टन आणा." त्यांनी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, उभा-आडवा मोजला. झीज वरच्या बाजूला अधिक. तिथे उष्णता फार नि तेल कमी. पिस्टन मोजूनच त्यांनी बोअर केला. शेवटी होनिंगच्या तिरप्या रेघा दाखवीत म्हणाले, "आरशागत गुळगुळीत नको. या रेघांत तेल टिकतं."