निरोप पोहोचतो का?

मज्जारज्जूला इजा झाली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, हातपाय पुन्हा हलतील का? एमआरआयमध्ये इजेची जागा दिसते. मेंदूचा निरोप तिथून खाली उतरतो का, हे मात्र त्यात कळत नाही.

ते तपासण्याचा एक मार्ग चुंबकाचा आहे. १९८५ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी चुंबकाने मेंदू उत्तेजित करून दाखवला. तारेचं वेटोळं डोक्याजवळ धरायचं, त्यातून क्षणभर जोरदार वीज सोडायची. टक्‌ असा आवाज होतो आणि बोट आपोआप उडतं! निरोगी माणसात हा संदेश हाताच्या स्नायूपर्यंत साधारण २० मिलिसेकंदांत पोहोचतो. इजा असेल तर तो उशिरा, क्षीण येतो, किंवा येतच नाही. पण बोट हलवता न येणाऱ्या रुग्णातही कधीकधी इवलासा प्रतिसाद उमटतो. म्हणजे काही तंतू शाबूत आहेत! मला ही या तपासणीची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

२०१२ मध्ये बंडे आणि पेरेझ या संशोधकांनी उपचारासाठीही हे तंत्र वापरलं: मेंदूला चुंबकाचा आणि मनगटाशी नसेला विजेचा झटका असा वेळ साधून दिला, की दोन्ही संदेश मज्जारज्जूत भेटावेत. अर्धवट इजेच्या रुग्णांच्या हाताची हालचाल त्यानंतर काही काळ सुधारली. हा उपचार अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे. फिजिओथेरपी त्यासाठी थांबवू नये. डोक्यात धातू बसवलेला असेल किंवा फिट येत असतील, तर अशा चुंबकीय तपासणीआधी किंवा उपचाराआधी डॉक्टरांना सांगा.