धाप अंगावर काढू नका



मी डायलिसिस विभागात परिचारिका आहे. आमच्याकडे येणाऱ्या एक ताई कित्येक महिने सांगत होत्या, "जिना चढताना दम लागतो." घरचे म्हणत, "किडनीचा आजार आहे, एवढे चालायचेच." खरे सांगते, मीही तेच म्हटले होते. शेवटी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको झाली. फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला होता आणि हृदयाची उजवी बाजू थकली होती. म्हणून आज हा विषय घेतला.

दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा. त्यावरून हा दाब कळत नाही. हृदयाची उजवी बाजू रक्त फुफ्फुसांकडे ढकलते. तिथल्या वाहिन्या सैल असतात, म्हणून दाबही कमी असतो. विश्रांतीच्या वेळी तो सरासरी २० मिलिमीटरच्या वर गेला तर आजार धरतात.

मूत्रपिंड निकामी होत गेले की हे का घडते? अंगात पाणी साठते. हृदयाची डावी बाजू ताठर होते. हातावरच्या फिस्टुलातून जादा रक्त हृदयाकडे येते. अंगात रक्तही कमी असते. या सगळ्याच्या जोडीला असतो दाह. जखम सुजते, लाल होते आणि बरी झाली की ओसरते. या आजारात मात्र दाह अंगभर मंदपणे धुमसत राहतो. रक्तात साठलेली विषद्रव्ये, मानेतल्या कॅथेटरचा जंतुसंसर्ग, सुजलेल्या हिरड्या त्याला खतपाणी घालतात. त्याने वाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते आणि त्यांना सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते. वाहिन्या आकसतात, जाड होतात. भूक मरते, रक्तवाढीची इंजेक्शनेही नीट लागू पडत नाहीत. सीआरपी या रक्ततपासणीवरून दाहाचा अंदाज येतो.

यात बाईपणाचा प्रश्न कुठे आला? प्रत्यारोपणानंतर पुष्कळ रुग्णांचा हा दाब उतरतो. पण १९९५ ते २०२१ या काळात आपल्या देशात ज्यांना अवयव मिळाले, त्यांत दर पाचांत सुमारे चार पुरुष होते. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बायकाच जास्त. आई देते, बायको देते. तिला गरज पडली की घर गप्प होते. आणि तिची धाप "अशक्तपणा" म्हणून लिहिली जाते.

मग काय करायचे? धाप, पायावरची सूज, चक्कर यांची तारीख घालून नोंद ठेवा. टू-डी एको कधी करायचा ते डॉक्टरांना विचारा. शक्यतो डायलिसिसनंतर, अंगातले जादा पाणी निघाल्यावर करा, म्हणजे अंदाज नीट येतो. पाणी आणि मीठ मोजून घ्या. पाणी काढल्यानंतरचे आपले योग्य वजन किती, ते माहीत करून घ्या. कॅथेटरच्या जागी लाली दिसली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दाखवा. दात-हिरड्यांवर उपचार करून घ्या. फिस्टुलातला प्रवाह फार वाढला नाही ना, ते तपासायला सांगा. आणि प्रत्यारोपणाच्या यादीत माझे नाव का नाही, हेही विचारा.

आपल्या गटांनी एवढे तरी करावे. अशा बाईबरोबर दवाखान्यात एकजण जावी. एकटीचे म्हणणे "तक्रार" ठरते. दोघी गेल्या की डॉक्टर कागद पुढे ओढतात, हे मी रोज पाहते.