मंत्र्यांचं पान आणि महाडची माणसं



१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या राजभवनात महाडचे आमदार भरत गोगावले यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. महाड, पोलादपूर आणि माणगावचा काही भाग मिळून त्यांचा मतदारसंघ होतो. विकिपीडियासारख्या खुल्या ज्ञानकोशात त्यांच्यावर स्वतंत्र पान असावं का, असं विचारलं तर कुणीही म्हणेल, असावंच की, मंत्री आहेत ते. उत्तर बरोबर आहे. पण त्या ज्ञानकोशाचे नियम पाहिले तर मंत्रिपदापर्यंत थांबायचीही गरज नव्हती. राज्याच्या विधानसभेवर निवडून आलेली व्यक्ती तिथे सहसा पात्र धरली जाते. म्हणजे हा प्रश्न २००९ साली ते पहिल्यांदा आमदार झाले तेव्हाच सुटला होता.

मला बोलायचं आहे ते त्यापुढचं. पान असावं की नाही, हे पदावरून ठरेल. त्या पानावर काय लिहायचं, हे पदावरून ठरत नाही. आणि ज्यांना असं पद कधी मिळालंच नाही, त्यांचं काय करायचं हा प्रश्न तर महाडला फार जवळून लागू पडतो.

नियम साधा आहे. ज्या माणसावर पान करायचं, त्याच्याविषयी त्याच्याशी लागेबांधे नसलेल्या लोकांनी, भरवशाच्या ठिकाणी, जरा सविस्तर लिहिलेलं असावं. नुसतं नाव येऊन गेलेलं पुरत नाही. आमदार, खासदार, मंत्री यांच्याबद्दल असं लेखन कुठे ना कुठे असणारच, असं धरून चालतात, म्हणून त्यांना पदाची सवलत. सरपंच, पंचायत समितीचे सभापती, नगराध्यक्ष यांना ती सवलत नाही. त्यांच्याविषयीचा छापील पुरावा दाखवावा लागतो. तो नसेल तर संपादक आपसात चर्चा करतात आणि पान वगळलं जातं.

इथे आपल्याकडे एक मोठी अडचण येते. नेत्याच्या वाढदिवसाला वर्तमानपत्राची रंगीत पुरवणी निघते. त्यात लेख असतात, छायाचित्रं असतात, बालपणापासूनचा प्रवास असतो. दिसायला ते वर्तमानपत्र, पण पैसे शुभेच्छुकांनी भरलेले. हा पुरावा धरता येत नाही. खुद्द कार्यालयातून आलेलं प्रसिद्धिपत्रकही धरता येत नाही. कार्यकर्त्यांना हे लागतं, मला ठाऊक आहे. ज्याच्याविषयी मनापासून आदर आहे त्याच्याबद्दल चांगलं लिहावंसं वाटणं यात गैर काही नाही. पण मंत्र्यांच्या पानावर कोणत्या साली कोणतं खातं, कोणता निर्णय, किती खर्च, विरोधकांनी काय हरकत घेतली, न्यायालयात काही गेलं असेल तर निकाल काय, एवढं आलं पाहिजे, आणि प्रत्येक वाक्य कुठून घेतलं ते सांगता आलं पाहिजे. हयात माणसाबद्दल तर दुप्पट काळजी घ्यावी, कारण एक चुकीचं वाक्य त्याच्या घरापर्यंत जातं.

मी मनाशी एक कसोटी लावतो. मंत्रिपद वजा करून पाहायचं, पान उभं राहतं का? याचं सर्वात मोठं उदाहरण महाड तालुक्यातलंच आहे. रायगडच्या वाटेवर नाते नावाचं गाव लागतं. तिथे १८९६ साली चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे आयसीएस, आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० साली केंद्रात अर्थमंत्री झाले, १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेले. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा त्यांनी रेडिओवरून केली. आणि त्याच वर्षी मुंबई महाराष्ट्राला मिळावी या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मेघदूताचा मराठी पद्यानुवादही त्यांच्या नावावर आहे. यातून अर्थमंत्रिपद काढून टाका, तरी पान भक्कम उभं राहतं. उलट, पद सोडलं ही गोष्टच त्या पानावर सर्वात आधी वाचावी अशी आहे.

आता दुसऱ्या टोकाला या. सीताराम केशव बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तसा ठराव केला. त्यामागे सुरेंद्रनाथ टिपणीस होते, महाडकरांचे सुरबानाना. ते नगराध्यक्षही होते. आजच्या नियमाने पाहिलं तर नगराध्यक्षपदाला एकट्याने काही किंमत नाही. मग टिपणीसांचं नाव ज्ञानकोशात कशाच्या बळावर येतं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी हाती घेतलं, ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला, डिसेंबरात सत्याग्रहाची दुसरी परिषद भरली, तळ्यावरून दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल लागला. या साऱ्यावर चांगदेव खैरमोड्यांनी लिहिलं, आनंद तेलतुंबड्यांनी लिहिलं, परदेशातल्या अभ्यासकांनीही लिहिलं. त्या लेखनात टिपणीस सापडतात.

पण सगळेच तसे सापडत नाहीत. डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या गृहस्थांनी आपली जमीन दिली. सत्याग्रहावरच्या पुस्तकांत हे वाक्य असतं. फत्तेखानांविषयी त्यापुढे सहसा काही नसतं. एवढ्यावर स्वतंत्र पान होत नाही, आणि नियमाला मी दोष देणार नाही. एका वाक्याचं पान करायला गेलं की रिकामी जागा कल्पनेने भरली जाते, आणि अशा माणसाच्या नावावर कल्पित मजकूर चढवणं हा त्याच्यावर अन्यायच होईल. मला सलतं ते हे, की दुसरं वाक्य लिहायला त्या काळी महाडात माणसं होती आणि ते लिहिलं गेलं नाही.

लिहिल्याने काय होतं, तेही इथेच दिसतं. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, निवृत्त सैनिक. १८९५ साली त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं, आणि तेवढ्यावरूनही सवर्ण सभासदांनी कुरकुर केली. तालुका बोर्डाचं सभासदत्व कुठल्याच कोशात शिरायला पुरणार नाही. पण वलंगकरांनी 'विटाळ विध्वंसन' लिहून छापलं होतं, वर्तमानपत्रांतून पत्रं लिहिली होती. आज त्यांच्यावाचून दलित चळवळीच्या इतिहासाची सुरुवात करता येत नाही. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांना शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला, तेव्हा त्या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, आणि ते छापून आल्यावर शाळेचं दार उघडलं. १९२७ च्या परिषदेच्या उभारणीत पुढे असलेले आर. बी. मोरे ते हेच. त्यांनी आठवणीही लिहून ठेवल्या, म्हणून आज त्यांच्या पात्रतेविषयी चर्चा उभीच राहत नाही.

असंच आणखी एक उदाहरण शेजारच्या पोलादपुरात आहे. तिथे 'शिवभारत' हे शिवरायांवरचं काव्य लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांच्या चरित्राचे तपशील थोडे, पण ते काव्य हाती आहे, तेवढ्याने त्यांचं स्थान पक्कं झालं.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर ओलांडलं की वाई लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथे मराठी विश्वकोश उभा केला, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे तिथे जाणकारांचं मंडळ ठरवी. १ मे २००३ ला सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ते आपण सगळे मिळून ठरवतो. म्हणून पुरावा गोळा करण्याचं कामही आपल्याकडे आलं. जुलै २०२१ च्या पुरात महाडचे तळमजले चिखलाने भरले, घरोघरच्या वह्या आणि कात्रणं गेली. जे उरलं आहे ते आधी छापायला हवं. ज्ञानकोशात नव्हे, तिथे पहिल्यांदा लिहिलेलं चालत नाही. महाविद्यालयाच्या वार्षिकात, स्थानिक साप्ताहिकात, ग्रंथालयाच्या स्मरणिकेत. साल घालून, बोलणाऱ्याचं नाव घालून, शक्यतो घराबाहेरच्या माणसाने लिहिलेलं.

आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. माणसाला पात्रता सिद्ध करावी लागते, गावाला सहसा लागत नाही. लोकवस्तीचं, सरकारदरबारी नोंद असलेलं गाव म्हटलं की पान होऊ शकतं. ज्या शिक्षकाने शाळा काढली, ज्या सरपंच बाईंनी नळपाणी योजना आणली, त्यांच्यावर स्वतंत्र पान नाही झालं तरी गावाच्या पानावर साल आणि कात्रणाचा आधार देऊन दोन ओळी नक्की येतात. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत अशी गावं भरपूर आहेत. ज्यांच्या गावाच्या पानावर आज लोकसंख्या आणि पिनकोड यापलीकडे काही नाही, त्यांनी या आठवड्यात तिथून सुरुवात करावी.